निळ्या फाटकाचा इतिहासकार

माझं नाव निशिकांत खांबेटे. वय पन्नाशीच्या पलीकडे. मूळचा पुण्याचा, पण सिंगापुरात इतकी वर्षं काढली आहेत की पुण्यात गेलो की रिक्षावाले मला पाहुणा समजून लांबच्या रस्त्याने नेतात आणि मला ते कळत नाही. चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं बॅक ऑफिस आहे, तिथे मी काम करतो. एका कॉम्प्युटरने पाठवलेले आकडे दुसऱ्या कॉम्प्युटरला पोचलेल्या आकड्यांशी जुळतात की नाही, हे पाहायचं. ते बहुतेक वेळा जुळतात. राहायला आम्ही क्लेमेंटीला. फ्लॅट घेतला तेव्हा ऑफिस तांजोंग पगारला होतं. पुढे बँकेने ऑफिस बेटाच्या पूर्व टोकाला नेलं आणि मला काही फ्लॅट उचलून नेता आला नाही. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून बेट आडवं ओलांडायचं, हा माझा सर्वांत मोठा प्रवास.

ज्याचे आकडे रोज आपोआप जुळतात, त्याला जगात आपली कुठेतरी गरज आहे असं वाटण्यासाठी काहीतरी करावं लागतं. मी जाणकार व्हायचं ठरवलं. कशातला, हा प्रश्न दुय्यम होता. आधी कॉफी झाली. मग फाउंटन पेनं झाली. कोविडच्या काळात घरात कोंडलो तेव्हा पाव झाला. माझा पहिला पाव आमच्या मुलीने, मैत्रेयीने, वाऱ्याने आपटणारं दार अडवायला वापरला, आणि त्या कामाला तो उत्तम होता. माझी बायको सुलेखा अकाउंटंट आहे. माझ्या छंदांकडे ती ऑडिटरच्या नजरेने पाहते. लगेच काही बोलत नाही, वर्षअखेरीला बोलते.

आमच्या विभागाचा प्रमुख लुक नावाचा बेल्जियन होता. निवृत्त होऊन तो मायदेशी निघाला तेव्हा त्याने कॉन्डोतलं सामान ऑफिसातल्या लोकांना वाटून टाकलं. या आणि हवं ते उचला, असं मोकळं आमंत्रण होतं. मी पोचेपर्यंत टीव्ही, सोफा, मायक्रोवेव्ह, इतकंच काय पडद्यांच्या कड्यासुद्धा गेल्या होत्या. उरलं होतं एक लाकडी खोकं. सुलेखाला चपला ठेवायला तसलं खोकं हवंच होतं. आत धुळीने माखलेल्या, लेबल नसलेल्या सहा बाटल्या होत्या.

"आईच्या घरातून आणलेल्या," लुक म्हणाला. "माझ्या आजोबांची ब्रुअरी होती. केव्हाच बंद पडली. या बाटल्या इथे आणून वाइनच्या गार कपाटात ठेवल्या आणि विसरलो. आता परत कुठे नेऊ? तुला बिअरमध्ये रस आहे का?"

मला बिअरमध्ये रस नव्हता, खोक्यात होता. पण साहेबाने विचारलं होतं, म्हणून मी म्हणालो, "थोडाफार अभ्यास आहे."

"मग लॅम्बिक तुला माहीतच असेल."

"अर्थात," मी म्हणालो. त्या एका 'अर्थात'ने माझी पुढची दोन वर्षं खाल्ली.

लॅम्बिक म्हणजे काय, हे मी परतताना एमआरटीत, मांडीवर खोकं घेऊन, फोनवर वाचलं. ब्रसेल्सच्या आसपासच्या खोऱ्यात होणारी ही बिअर. बाकीचे लोक बिअरमध्ये मोजूनमापून यीस्ट घालतात, लॅम्बिकवाले काहीच घालत नाहीत. गहू आणि जवाचा उकळलेला गोड काढा ते थंडीच्या दिवसांत माळ्यावरच्या पसरट, उथळ टाकीत रात्रभर उघडा ठेवतात. हवेतून, कौलांच्या फटींतून, तुळयांवरून जे काही त्यात उतरेल ते उतरेल. मग तो लाकडी पिंपांत भरून वर्षानुवर्षं मुरवायचा. पिंपांवरची कोळ्यांची जाळीसुद्धा झाडत नाहीत, कारण कोळी फळमाश्या खातात. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली बिअर एकमेकींत मिसळून बाटलीत भरली की ती आत पुन्हा फसफसते, तिला ग्यूझ म्हणतात. आंबट चेरी घालून मुरवली की ती क्रीक. साखर घालून गोड केली की फारो, ती गाडीवान आणि मजूर प्यायचे. मला हे सगळं फार आवडलं. काही न घालता, नुसतं उघडं ठेवून जगात नाव होतं, हे माझ्या प्रकृतीला मानवणारं होतं.

लुकच्या आजोबांच्या ब्रुअरीचं नाव हेट ब्लाव हेक, म्हणजे निळं फाटक. इंटरनेटवर तिच्याबद्दल जवळपास काही नव्हतं. एका जुन्या पोस्टकार्डाचा फोटो, आणि बंद पडलेल्या ब्रुअऱ्यांच्या यादीत एक ओळ. दुसरा कोणी असता तर निराश झाला असता. मला ती संधी वाटली. कॉफीतले जाणकार लाखांनी आहेत, निळ्या फाटकाचा जाणकार जगात एकही नव्हता. जागा रिकामी होती आणि अर्ज करणारा मी एकटा.

पोस्टकार्डात एक फाटक होतं, शेजारी टोपीवाला माणूस, आणि मागे चर्चचा मनोरा. मनोरा आहे म्हणजे ब्रुअरी मठातल्या साधूंनी काढली असणार, असं मी ताडलं. निळा रंग मेरी मातेचा, हे कुठेतरी वाचलेलं होतं. सेंगकांगला कोणाला तरी भेटायला जाताना मी बसमध्ये उभ्याउभ्या या दोन गोष्टींची सांगड घातली आणि बिअरच्या शौकिनांच्या एका वेबसाइटवर 'निळ्या फाटकाचा उगम' असा लेख लिहून टाकला. कोणी विरोध केला नाही. विरोध करायलाही माहिती लागते, आणि ती माझ्यासारखीच त्यांच्याकडेही नव्हती. ब्राझीलमधल्या एकाने पसंतीचा अंगठा टाकला. तो मी सुलेखालाही दाखवला.

बाटल्यांवर चुन्याच्या खुणा होत्या. तळघरात आडवी ठेवलेली बाटली कुठल्या बाजूने वर ठेवायची, ते कळावं म्हणून पूर्वी अशी खूण करत, एवढं मला वाचून कळलं होतं. पण आमच्या सहापैकी पाच बाटल्यांवर फुली होती आणि एकीवर नुसती रेघ. फुली म्हणजे क्रॉस, क्रॉस म्हणजे मठ, म्हणजे या पाच खास. रेघेची बाटली साधी, अर्धवट खुणेची. हा निष्कर्ष मी कोणालाही न विचारता काढला, आणि त्याच आठवड्यात रेघेची बाटली दिलीपला भेट देऊन टाकली.

दिलीप माझा कॉलेजपासूनचा मित्र. एका बँकेत आहे, पण पुढच्या बाजूच्या ऑफिसात, जिथे लोक टाय लावतात. तो आणि त्याची बायको अनघा आमच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहतात. दिलीप शुक्रवारी संध्याकाळी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसून एक थंडगार बिअर पितो आणि त्या बिअरबद्दल त्याच्या मनात कुठलाही विचार येत नाही. मला त्याची कीव यायची. सुरुवात साध्या बाटलीपासून करू दे, असं मी मनात म्हणालो होतो.

फुलीची पहिली बाटली मात्र समारंभाने उघडायची ठरली. एका शनिवारी दिलीप आणि अनघा आले. मी बाटली वेताच्या टोपलीत आडवी ठेवली होती, तशी पद्धत आहे. पाऊण तास मी साधू, वारा आणि कोळी यांच्याविषयी बोललो. मधे मैत्रेयी खोलीतून बाहेर आली, "बाबा, स्टिल टॉकिंग आह?" म्हणाली आणि पुन्हा आत गेली. मग बूच काढायला गेलो तर त्याचा भुगा झाला. तो गाळण्याने गाळून चार ग्लास भरले.

सगळ्यांनी घोट घेतला. 

"निशिकांत, हे व्हिनेगर आहे," सुलेखा म्हणाली.

"सामान्य जिभेला तसं वाटतं," मी म्हणालो. "जरा थांब. ओलं गवत जाणवतंय का? जुनं तळघर? घोड्याचं खोगीर?"

"मी खोगीर कधी चाखलेलं नाही," दिलीप म्हणाला.

 अनघाने ग्लास हळूच टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवला. मी माझा संपवला. तुमचाही ठेवू नका म्हणालो, आणि कोणी ऐकेना तेव्हा त्यांचेही संपवले. पुढचे दोन दिवस पोटात जे काही चाललं होतं त्याला मी 'जिवंत बिअरचा परिणाम' असं नाव दिलं. वेबसाइटवर सविस्तर रसास्वाद लिहिला, खोगिरासकट.

यानंतर मला स्वतः लॅम्बिक करायची इच्छा झाली नसती तरच नवल. घरच्यापुरती बिअर करायला इथे कायद्याची आडकाठी नाही, हे मी आधी पाहून घेतलं. नियम पाहून घेणं मला जमतं. लॅम्बिकला जुनी, वास उडालेली हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची, फुलं लागतात, म्हणून मी ताजी फुलं आणून खिडकीत महिनोन्‌महिने वाळवली. त्यांना मोज्यांचा वास यायला लागला.

"बाबा, डुरियन इज बेटर, लाह," मैत्रेयी म्हणाली. डुरियन हे इथलं उग्र वासाचं फळ तिला मुळीच आवडत नाही.

गहू आणि जव उकळून मी तो काढा लग्नात मिळालेल्या मोठ्या परातीत ओतला आणि स्वयंपाकघरामागच्या सर्व्हिस यार्डात, कपडे वाळवायच्या दांड्यांखाली, उघड्यावर ठेवला. बेल्जियमच्या हिवाळ्यात काढा रात्रीतून गार होतो. क्लेमेंटीत तो गार होईना. परातीखाली बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, त्या तासाभरात वितळल्या. दोन दिवसांनी त्यावर बुडबुडे दिसले तेव्हा मला वडील झाल्यासारखं वाटलं. त्याच दुपारी दारावर बेल वाजली. डेंगीच्या डासांची तपासणी करणारी एक तरुण मुलगी हातात टॉर्च घेऊन उभी होती. आमच्या भागात डेंगीचे पेशंट सापडले होते, म्हणून ते घरोघर जाऊन साचलेलं पाणी शोधत होते.

तिने कुंड्यांखाली पाहिलं, फ्रिजमागे पाहिलं आणि यार्डात परातीपाशी थांबली.

"अंकल, हे काय आहे?"

मी तिला सांगितलं. नदीचं खोरं, कौलांच्या फटी, वाऱ्यावरून येणारे जंतू, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, म्हणजे तिला प्रशिक्षण चांगलं दिलेलं होतं. मग वाकून टॉर्च मारला आणि बराच वेळ परातीत पाहिलं.

"अळ्या नाहीत," ती म्हणाली. "डासांनाही आवडलेलं दिसत नाही. पण उघडं ठेवायचं नाही, अंकल. आज ओतून टाका."

मी तिच्यादेखत ओतून टाकलं. सुलेखाने परात तीनदा घासली आणि काही बोलली नाही. वर्षअखेर लांब होती.

एव्हाना मी निळ्या फाटकाचा समग्र इतिहास लिहायला घेतला होता, मराठीत, एमआरटीत, टाना मेरा स्टेशनला गाडी बदलताना वाक्यं तोडून. मठाचं प्रकरण झालं, शेवटचे थोर ब्रुअर जोझेफ, म्हणजे लुकचे आजोबा, यांचं प्रकरण झालं. शेवटी एखाद्या प्रत्यक्ष साक्षीदाराची मुलाखत असावी म्हणून मी लुकला मेसेज केला. त्याने कळवलं की त्याची मावशी हयात आहे. गोडेलिव्ह नाव, ऐंशीच्या पुढची, जोझेफची थोरली मुलगी. पूर्वी शाळेत शिकवायची. तिला इंग्रजी थोडं येतं, बाकीचं लुक भाषांतर करील. शनिवारी आमची संध्याकाळ आणि त्यांची सकाळ अशी वेळ ठरली.

मी ब्लेझर घातला. घरात एसी चालू करावा लागला. स्क्रीनवर एक बारीकशी, ताठ बसलेली म्हातारी आणि तिच्या शेजारी लुक दिसले.

"मावशी," मी म्हणालो, कारण लुकची मावशी म्हणजे दुसरं काय म्हणणार, "ब्रुअरी स्थापन करणाऱ्या साधूंविषयी आपल्या घरात काय सांगत असत?"

लुकने भाषांतर केलं. तिने त्याला पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं.

"कुठले साधू?" ती म्हणाली. "माझे पणजोबा शेतकरी होते. हिवाळ्यात शेतावर काम नसायचं म्हणून बिअर करायचे."

"आणि निळं फाटक?"

"गाडी रंगवून निळा रंग उरला होता."

माझं पहिलं प्रकरण तिथे संपलं. पण म्हातारी खुलली होती आणि मी प्रश्न न विचारता गप्प बसल्यामुळे बोलत राहिली. माळ्यावरची टाकी आधी तांब्याची होती. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी तांबं नेलं, मग लोखंडाची आली. फाटकाशेजारच्या खोलीत त्यांचाच गुत्ता होता. रविवारी चर्च सुटलं की पुरुष तिथे येत आणि बायका चुली पेटवायला घरी जात. चेरीच्या दिवसांत सगळी भावंडं देठ खुडायला बसत, बोटं आठवडाभर लाल राहत. बिया काढायच्या नसत, बियांमुळे बदामाची चव येते. पुढे काय झालं, असं मी विचारलं. काही विशेष नाही, ती म्हणाली. गावातले लोक ब्रसेल्सच्या कारखान्यांत जायला लागले, तिथे पिवळी थंड बिअर प्यायला शिकले. पोरांना कोला आवडायला लागला. दुसऱ्या ब्रुअऱ्यांनी बिअर गोड केली, तिच्या बाबांनी नाही केली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला फाटक बंद झालं, आता तिथे टायरचं दुकान आहे.

मुलाखत काही मी ठरवली होती तशी चालली नव्हती, म्हणून मी हुकमाचा पत्ता काढला. फुलीची एक बाटली दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरली.

म्हातारी पुढे वाकली. मग इतकी हसली की लुकने तिला पाणी आणून दिलं.

"ते माझ्या आईचं व्हिनेगर आहे," ती म्हणाली. "जे पिंप बिघडायचं त्याचं आई व्हिनेगर करायची. ते कोणी चुकून पिऊ नये म्हणून फुली मारायची."

माझ्यामागे सोफ्यावर सुलेखा बसली होती.  ती उठली, आत गेली आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं. वर्षअखेर आली होती.

"बिअरच्या बाटलीवर रेघ असायची," मावशी सांगत होती. "पण रेघेच्या तुमच्याकडे कुठून येणार. त्या राहिल्या नसतील."

"एक होती," मी म्हणालो.

तिचं हसू थांबलं. "कुठे आहे?"

मी पुढच्या शनिवारी सांगतो असं म्हणालो आणि ब्लेझर न काढता दिलीपच्या ब्लॉकमध्ये गेलो. तो बनियनवर मॅच पाहत होता.

"दिलीप, मी तुला दिलेली बाटली?"

"ती? संपली की."

"केव्हा?"

"लग्नाच्या वाढदिवसाला. शॅम्पेन आणायची राहिली, म्हटलं ही उघडू. बूच उडून पंख्याला लागलं."

"कशी होती?"

"बरी होती."

"बरी म्हणजे काय?"

त्याने मॅचवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "बरी म्हणजे बरी. तू ब्लेझर का घातलायस?"

तेवढ्यात अनघा आतून आली. "बरी काय म्हणतोस? दोन ग्लास मागून घेतलेस माझ्यातले." मग ती माझ्याकडे वळली. "छान होती रे. मी तुला सांगणार होते, पण त्या दिवशी तुझ्याकडे ते दुसरं प्यायल्यावर वाटलं, तुला वाईट वाटेल. तुला कवठाचा वास आठवतो का? लहानपणी आजोळी कवठ फोडलं की हाताला राहायचा, तसा. आंबट, पण दात आंबवणारी नाही. गूळ न घातलेल्या कवठाच्या चटणीसारखी. आणि घोट गिळल्यावर तोंड अगदी स्वच्छ होतं."

दोन वर्षं मी ज्या बिअरवर लिहीत होतो, तिची चव मला दुसऱ्याच्या दिवाणखान्यात उभं राहून ऐकावी लागली. आशियात, कदाचित जगात, ती अलीकडे चाखलेली माणसं दोनच होती. त्यांतला एक 'बरी होती' म्हणत होता.

पुढच्या शनिवारी अनघाला घेऊन बसायचं ठरलं. कवठ म्हणजे काय हे दाखवता यावं म्हणून सुलेखाने लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटमधून दोन कवठं आणली. या वेळी लॅपटॉप बिघडला होता, म्हणून फोनवरच कॉल लावला आणि मैत्रेयी अभ्यासाला बसली होती, म्हणून फोन मी धरला. समग्र इतिहासाच्या लेखकाकडे एवढंच काम उरलं होतं.

अनघाने सगळं सांगितलं. सुलेखाने बत्त्याने कवठ फोडलं आणि तपकिरी गर कॅमेऱ्याजवळ नेला. "हे फळ," अनघा म्हणाली. "वास थोडा जास्त पिकल्यासारखा येतो. थोडा जुन्या लाकडी पेटीसारखा. पण चव एकदम ताजी." गुळाशिवायच्या चटणीचं लुकला भाषांतर करता येईना, ते तिने हातांनी करून दाखवलं.

मावशी ऐकत होती. मग तिने एकच प्रश्न विचारला. "फेस होता का?"

"बूच पंख्याला लागलं," अनघा म्हणाली.

लुकने भाषांतर केल्यावर म्हातारीने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बोलायला लागली. या वेळी ती इंग्रजीचा प्रयत्न करत नव्हती. लुक एकेक वाक्य सांगत होता.

शेवटच्या हिवाळ्यात तिच्या बाबांची वास घ्यायची शक्ती गेली होती. आजारपणानंतर त्यांना नाकाने काहीच कळेना. कुठल्या पिंपातली किती बिअर कशात मिसळायची, हे नाकावर चालतं. त्यांना मुलगा नव्हता. शाळेत शिकवून आली की ती तळघरात जायची आणि पिंपांतली बिअर एकेक घोट चाखायची. लहानपणापासून पाहिलेलं होतं, पण करू कोणी दिलं नव्हतं. त्या वर्षीची ग्यूझ तिने एकटीने मिसळली. बाबा खुर्चीत बसून पाहत होते. बरं किंवा वाईट काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, बाटलीत वर्ष काढल्यावर कळेल. ते वर्ष पुरं व्हायच्या आत ते गेले. जागा विकली गेली. नवीन मालकाने जुन्या बाटल्या कचऱ्यात काढल्या, तिने हाताला लागल्या तेवढ्या घरी आणल्या.

"मग उघडली नाही एकही?" अनघाने विचारलं.

"दर नाताळात वाटायचं, उघडावी. मग वाटायचं, फुलीच्या बाटलीतलं निघालं तर? बाबांना ते आधीच माहीत होतं असं होईल. न उघडलेली बाटली बरी वाटायची." मावशी म्हणाली. "पुढे लहान घरात राहायला गेले, तेव्हा त्या बहिणीला, लुकच्या आईला, देऊन टाकल्या. तिने काय केलं, मी विचारलंही नाही. पंचेचाळीस वर्षं झाली असतील. ती जमली होती की नाही, हे मला आज कळलं."

लुकने शेवटचं वाक्य दोनदा अर्ध्यावर सोडलं. त्यालाही हे नवीन होतं. अनघा फोनजवळ सरकली आणि सरळ तिच्याशी बोलली, इंग्रजीतच, हळू. "जमली होती मावशी. आम्ही बाटली संपवली. शेवटचा थेंब माझ्या नवऱ्याने ग्लास उलटा करून प्यायला."

दिलीप मागे उभा होता.  "खरंच चांगली होती," तो म्हणाला. दिलीपच्या तोंडून मी हे विशेषण पहिल्यांदा ऐकलं.

म्हातारी रडली नाही. शाळेतल्या बाई उत्तर बरोबर आल्यावर मान हलवतात, तशी तिने मान हलवली. मग तिने ते फळ पुन्हा दाखवायला सांगितलं. माझा हात भरून आला होता, पण फोन हलला तर चित्र बिघडेल म्हणून मी हात बदलला नाही. तो कॉल संपेपर्यंत माझ्या तोंडून एक वाक्यही निघालं नाही, आणि माझ्या सगळ्या संशोधनात मी एवढ्या उपयोगाचा कधी झालो नव्हतो.

इतिहास मी पुन्हा लिहायला घेतला आहे. साधू काढून टाकले. जोझेफच्या प्रकरणाला आता दोन नावं आहेत. वेबसाइटवरचा रसास्वाद मी स्वतः मागे घेतला आणि त्या जागी अनघाचं म्हणणं टाकलं. त्याखाली ब्राझीलच्या माणसाने कवठ म्हणजे काय, असं विचारलं आहे. उरलेलं व्हिनेगर सुलेखा कांदा आणि काकडीवर घालते. ते अप्रतिम आहे. ती ते चमच्याने मोजून वापरते आणि मला बाटलीला हात लावू देत नाही.

गोडेलिव्ह मावशी आता अनघाशी बोलते, दर रविवारी. मला अधूनमधून नमस्कार पाठवते. परवा हॉकर सेंटरला दिलीपसमोर बसलो होतो. तो काड्यांवर भाजलेले साटे खाता खाता सहज म्हणाला, "सायकलच्या शर्यती निळ्या फाटकावरून जायच्या, माहितेय? मावशी आणि तिची बहीण रस्त्यात उभ्या राहून सायकलवाल्यांच्या हातात फारोचे पेले द्यायच्या. एकाने पेला घेतला तो थेट गावाबाहेर गेला. आणि पेला परत द्यायला शर्यत सोडून मागे आला."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तिनेच. तू विचारलं नव्हतंस का?"

मी तिला साधूंविषयी विचारलं होतं. मी फोन काढला आणि ते सगळं जरा सावकाश, पहिल्यापासून सांग, असं त्याला म्हणालो. दिलीपने आधी साटे संपवले, मग सांगायला लागला.